जुने प्लग-इन: ठेवावेत की काढावेत?

पुण्यात एका खोलीत ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ चालवणाऱ्या छोट्या व्यावसायिकापुढे एक प्रश्न आहे. दहा-पंधरा वर्षांपूर्वी पैसे मोजून घेतलेले प्लग-इन, म्हणजे आवाजाला घुमारा देणारे, त्याचे चढउतार सांभाळणारे जोड-प्रोग्रॅम, पुढेही वापरावेत की कर्ज काढून नवा संच घ्यावा?

जुने ते टाकाऊ, असे आम्ही मानत नाही. ज्या प्लग-इनने काल कव्वालीला किंवा पोवाड्याला चांगला आवाज दिला, तो आजही देईल. प्रोग्रॅम झिजत नाही; भोवतालची यंत्रणा बदलते. २०१३ साली प्रो टूल्सच्या ११व्या आवृत्तीने जुन्या पद्धतीचे प्लग-इन घेणे थांबवले. २०१९ साली अ‍ॅपलच्या कॅटालिना प्रणालीने ३२ बिटचे सर्व प्रोग्रॅम नाकारले. अशा वेळी संगणक बदलला की जुने काम उघडत नाही.

पण नव्याची घाईही नको. मार्च २०२३ मध्ये वेव्ह्ज कंपनीने प्लग-इन कायमचे विकणे बंद करून फक्त वर्गणीवर देण्याचे जाहीर केले. ग्राहक इतके खवळले, की काही दिवसांतच विक्री पुन्हा सुरू करावी लागली. भाड्याच्या अवजारावर सगळा धंदा उभा करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. चोरीच्या प्रती वापरणे हा तर मार्गच नव्हे.

आमचे मत असे: चालता जुना संगणक जुन्या प्लग-इनसह आहे तसाच, इंटरनेटपासून दूर ठेवावा, नवे काम नव्या यंत्रावर घ्यावे. जुन्याची डिस्क गेली, तर परवाना पुन्हा मिळेलच असे नाही. म्हणून काम संपताच प्रत्येक ट्रॅक, इफेक्टसह आणि इफेक्टविना, वेव्ह फाइलमध्ये उतरवावा आणि दोन वेगळ्या जागी ठेवावा. २००३ साली पुण्यातच फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील आगीत जुन्या नायट्रेट फिल्म जळाल्या. गेलेला माल पैसे टाकून परत येत नाही.

गिऱ्हाईक तीन वर्षांनी येते आणि म्हणते, "दुसऱ्या कडव्यात आवाज जरा वर घ्या." तेव्हा काम उघडलेच नाही, तर प्लग-इन बंद पडल्याची सबब त्याच्या काय उपयोगाची? प्लग-इन आपले, जुने असोत वा नवे. मुद्रित आवाज मात्र त्याची अमानत आहे. मागेल त्या दिवशी ती हातात देता आली पाहिजे.