थर्माकोलची नदी

दिवाळीची सुट्टी लागली त्या दिवशी आठवीतल्या नातीनं दप्तर ओट्यावर टाकलं आणि म्हणाली, "आबा, पर्यावरणाचा प्रकल्प घरी करायचाय. सुट्टी संपली की द्यायचा. दोनशे रुपये द्या."

मी म्हटलं, "पर्यावरनाला दोनशे रुपये कशाला गो बाय?"

तिनं बोटांवर मोजलं. कार्डशीट, छापील चित्रं, थर्माकोल, निळा रंग, चमकी, फेविकॉल आणि वर घालायचं प्लास्टिकचं कव्हर.

आमच्या टेमघरला कल्याण रोडवर बघाल तर वह्या-पुस्तकांची दुकानं आहेत. तिथं जागतिक तापमानवाढ मिळते, ओझोनचा थर मिळतो, पाणी वाचवाही मिळतं. कापायचं आणि चिकटवायचं. बर्फाच्या तुकड्यावर एकटं उभं असलेलं पांढरं अस्वल तर प्रत्येक वहीत. भिवंडीतल्या पोरांना त्या अस्वलाचं दुःख तोंडपाठ आहे. पण आपल्या घरामागच्या नाल्यात दर पावसाळ्याला मासे चढायचे, ते कधी बंद झाले, हे एकाही वहीत सापडणार नाही.

दुसऱ्याला नावं ठेवण्याआधी माझं सांगतो. आदल्या वर्षी याच पोरीला मी स्वतः थर्माकोलची नदी कापून दिली होती. निळीशार नदी, दोन्ही काठांना झाडं, मधे टिकल्यांचे डोळे लावलेले मासे. शाळेत पहिला नंबर आला. प्रदर्शन संपल्यावर ती नदी घरी आली, महिनाभर कपाटावर धूळ खात पडली आणि मग सुनेनं कचऱ्यात टाकली. जूनच्या पहिल्या जोरदार पावसात नाला तुंबला, तेव्हा जाळीला अडकलेल्या कचऱ्यात तिचा निळा तुकडा मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. सरकारनं 2018 साली थर्माकोलवर बंदी आणली, ती ताटावाट्यांवर आणि गणपतीच्या मखरावर. पर्यावरणाच्या प्रकल्पातून ते काही हद्दपार झालं नाही.

म्हणून या वेळी मी हट्ट धरला. विकत काही आणायचं नाही. जुन्या वहीची कोरी पानं शिवली आणि पोरीला म्हटलं, आपल्या घरातून जे पाणी येतं आणि जातं, तेवढंच लिही.

पहिलं पान तिनं आजीकडून घेतलं. आजी म्हणाली, "आपली बाव होती परसान. मे महिन्यान पन आटली नाय." ती बाव आम्हीच बुजवली, चाळ बांधताना. ते लिहिताना पोर थांबली, माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, लिही, आबानं बुजवली. ज्या शेतात वलगणीचे मासे आणि चिंबोऱ्या धरल्या, तिथं आधी यंत्रमागाची शेड आली, नंतर इमारत. तेही मीच विकलं. तेही लिही.

दुसरं पान येणाऱ्या पाण्याचं. आमच्या गावाच्या नावावर केवढं पाणी आहे! 'स्टेम' म्हणजे शहाड-टेमघर. उल्हास नदीचं पाणी शहाडला उचलतात, टेमघरला शुद्ध करतात आणि ते ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरला जातं. त्या उल्हासला घाटावरचंही पाणी मिळतं. मावळातल्या आंध्रा धरणाचं पाणी भिवपुरीच्या वीजघरातून खाली उतरून नदीला येतं. एवढा प्रवास करून आलेलं पाणी आमच्या चाळीत किती वेळ येतं, किती हंडे भरतात आणि ते भरायला कोण उठतं, हे तिनं आठ दिवस लिहिलं. आठही दिवस आईच उठली.

तिसरं पान जाणाऱ्या पाण्याचं. घरामागचा नाला पुढं कामवारीला मिळतो, कामवारी खाडीला. रोज सकाळी सात वाजता पुलावर उभं राहून नाल्याचा रंग लिहायचा, एवढंच काम. सोमवार निळा, मंगळवार किरमिजी, बुधवार काळा. लक्ष्मीपूजनापासून भाऊबीजेपर्यंत डाइंग बंद. त्या दिवसांत पाणी नुसतं मळकट, रंग नाही. कारखाने चालू झाले त्या सकाळी पुन्हा हिरवं. यंत्र नाही, प्रयोगशाळा नाही, आठवीतल्या पोरीच्या दोन डोळ्यांनी एवढं सापडलं.

त्या रात्री तिनं जेवताना बापाला विचारलं, "बाबा, तुमच्या डाइंगचं पाणी कुठं जातं?"

माझा मुलगा डाइंगमध्ये कामाला. घर त्याच्या पगारावर चालतं. हातातला घास तसाच राहिला. "टाकीत जातं," म्हणाला. "म्होरं मला म्हाईत नाय." नंतर बराच वेळ कुणी बोललं नाही.

प्रकल्पाला वीसपैकी अकरा गुण मिळाले. खाली लाल शाईत शेरा: 'माहिती ठीक. चित्रे नाहीत. सजावट करावी.' थर्माकोलच्या नदीला गेल्या वर्षी एकोणीस होते.

मला बाईंवर राग काढायचा नाही. एका वर्गात साठ-सत्तर पोरं, वर मतदार याद्या, जनगणना, ऑनलाइन माहिती भरणं. सत्तर वह्या एका रात्रीत तपासायच्या असतील तर डोळा सजावटीवरच जाणार. आणि दुकानातली चित्रं आणायला पैसे देणारे आम्हीच. पोराचा प्रकल्प आईनं करायचा, बापानं पैसे मोजायचे, बाईंनी सही ठोकायची आणि पोरानं तो मिरवत न्यायचा. सगळ्यांची सोय होते, म्हणून हे चाललंय.

पण ज्यासाठी हा विषय आला, त्याचं काय? 1991 साली सर्वोच्च न्यायालयानं पर्यावरण हा विषय शाळेत सक्तीचा करायला सांगितलं. 2003 साली पुन्हा बजावलं. आपल्याकडं नववी-दहावीला जलसुरक्षा हा विषयही आला. कागदावर कमी काही नाही. कमी आहे ती पोरांनी आपल्याच घराला प्रश्न विचारावा एवढी मुभा. पांढरं अस्वल सगळ्यांना आवडतं, कारण ते कुणाला काही विचारत नाही. त्याच्यासाठी हळहळायला बापाची नोकरी धोक्यात येत नाही, आज्यानं विकलेलं शेत निघत नाही, नगरसेवकाला राग येत नाही. नाल्याचा रंग लिहिला की हे सगळं निघतं. म्हणून आपण पोरांच्या हातात कात्री देतो आणि म्हणतो, काप.

कुणी म्हणेल, तेरा वर्षांच्या पोरीवर एवढं ओझं कशाला? बापाला ताटावर गप्प करणं हे शिक्षण का? मलाही त्या रात्री झोप लागली नाही. पण नाला तिच्याच खिडकीखालून वाहतो. वास तिलाच येतो. ती ते रोज बघतेच, फक्त शाळेत त्याबद्दल बोलायचं नाही असं आपण तिला शिकवतो. हे ओझं मला जास्त वाटतं.

म्हणून शाळांना माझं मागणं साधं आहे. घरच्या प्रकल्पात विकत आणलेली एकही वस्तू चालणार नाही, असा नियम करा. अर्धे गुण पोरानं स्वतः पाहिलेल्याला द्या, अर्धे म्हाताऱ्या माणसाला विचारून आणलेल्याला. शुद्धलेखन चुकलं तरी चालेल. आणि साठ पोरांच्या साठ वह्या तपासून झाल्या की रद्दीत घालू नका, एकत्र शिवा. पाच वर्षांत गावाचं पाणी कुठून येतं, कुठं जातं, किती विहिरी होत्या, किती उरल्या याचा असा दप्तर तयार होईल, जो आज कुठल्या कचेरीत मिळणार नाही.

नातीची वही माझ्या ट्रंकेत आहे, सातबाऱ्याच्या कागदांबरोबर. परवा मुलगा कामावरून आला आणि हातपाय न धुताच मला म्हणाला, "आबा, त्या टाकीचा पाइप मागच्या भिंतीतून जातो. आज बगून आलो." मी म्हटलं, मला कशाला सांगतोस? तिला सांग, ती लिहील. वहीत अजून चार पानं कोरी आहेत.