गाळलेली पायरी

रविवारची सकाळ. शहराबाहेरचे मोकळे माळरान. एका गृहस्थांनी मोटारीच्या डिकीतून चकचकीत खोके काढले. सोबत त्यांचा दहा-बारा वर्षांचा मुलगा. खोक्यात दोन-अडीच फूट लांबीचे, करड्या रंगाचे जेट विमान, मिग-२१च्या घाटाचे. ट्रान्समीटर, बॅटरी, चार्जर सारे त्यातच. वर छापलेले, 'उडवायला तयार'. वडिलांनी विमान हातात धरले, मुलाने ट्रान्समीटरची काडी पुढे ढकलली, शिट्टीसारखा आवाज चढत गेला आणि वडिलांनी ते आकाशाकडे भिरकावले. नाक वर करून ते थोडे चढले, क्षणभर थबकले, एका अंगावर कलंडले आणि नाकावर जमिनीत घुसले. सारा खेळ सात-आठ सेकंदांचा. मुलगा रडला नाही. त्याने फक्त विचारले, ''बाबा, ते तयार होतं ना?''

विमान तयार होते, यात शंका नाही. अमेरिकेत वॉल्टर आणि विल्यम गुड या भावांनी १९३७ मध्ये रेडिओच्या आज्ञेवर चालणारे मॉडेल विमान उडवले, तेव्हापासून पुढची कित्येक दशके हा छंद म्हणजे आधी सुतारकाम होता. बाल्साच्या हलक्या लाकडाच्या पट्ट्या कापायच्या, चिकटवायच्या, वर कागद ताणून बसवायचा, आणि काही महिन्यांनी ते यंत्र मैदानावर न्यायचे. तिथे दुसऱ्या कोणी त्याच लहरीवर आपला ट्रान्समीटर सुरू केला, की महिन्यांची मेहनत मातीत. आता हे सारे मागे पडले. ब्रशविरहित मोटार, लिथियम पॉलिमर बॅटरी, २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांना न अडवता चालणारे ट्रान्समीटर आणि थर्मोकोलच्या जातीचा पण त्याहून चिवट फोम, या चार गोष्टींनी विमान खोक्यात बसवून दिले. यात हळहळण्यासारखे काही नाही. ज्याच्याकडे ना सुतारकामाचा हात ना सवड, त्यालाही आकाश खुले झाले, ही चांगलीच गोष्ट आहे.

परंतु त्या सुतारकामात एक शिक्षण दडलेले होते. ज्याने पंख स्वतः बसवला, त्याला विमानाचा तोल नेमका कुठे आहे, शेपटीची पट्टी वर झाली की नाक वर का जाते, हे उडवण्याआधीच कळलेले असे. ती पायरी गेली. आणि त्यापुढची, म्हणजे साध्या, संथ विमानावर हात बसवण्याची पायरी, खोक्यावरचे देखणे चित्र पाहून आपणच गाळतो.

जेटला ही गाळलेली पायरी चालत नाही, आणि त्याला कारणे आहेत. या छोट्या जेटमध्ये खरे जेट इंजिन नसते; पोटातल्या नळीत बसवलेला पंखा विजेवर गरगर फिरतो आणि मागून हवा फेकतो. पुढे प्रॉपेलर असलेल्या विमानात त्या प्रॉपेलरचा झोत शेपटीवरून जातो, त्यामुळे वेग मंदावला तरी जोर वाढवताच शेपूट पुन्हा ऐकू लागते. जेटचा झोत मात्र मागच्या भोकातून थेट बाहेर जातो. पंख आणि शेपूट हुकूम मानतात ते केवळ विमानाच्या स्वतःच्या वेगावर. शिवाय पंख्याला पुरत्या गतीवर यायला क्षणभर लागतो. म्हणजे चूक लक्षात आल्यावर ती सुधारायची, तर जोर हवा तेव्हा मिळत नाही. त्या सकाळी नेमके हेच घडले. विमान समोर, वाऱ्याच्या तोंडाला सरळ फेकायचे ते वर फेकले गेले; वेग येण्याआधी नाक चढले आणि पंखांखालचा हवेचा आधार सुटला.

दुसरी अडचण डोळ्यांची आणि मेंदूची. विमान आपल्यापासून दूर जात असते तोवर त्याचे उजवे ते आपले उजवे. ते वळून आपल्याकडे येऊ लागले की उजव्याचे डावे होते. हे कागदावर वाचायला सोपे, पण ताशी ऐंशी-नव्वद किलोमीटर वेगाने अंगावर येणाऱ्या यंत्राकडे पाहताना विचार करायला वेळ नसतो. विमान लहान, रंग करडा, आभाळ ढगाळ. शे-दीडशे मीटरवर ते येते आहे की जाते आहे तेच कळेनासे होते. जुनी मंडळी यावर एक साधी युक्ती शिकवतात. विमान आपल्याकडे येत असताना जो पंख खाली झुकला असेल, काडी त्या बाजूला न्यायची, जणू पडत्या पंखाला खालून टेकू देतो आहोत. शब्द एवढेच, पण ते हातात उतरायला अनेक सकाळी लागतात. प्रस्तुत लेखकाचे पहिले वर्ष उडवण्यापेक्षा चिकटवण्यातच अधिक गेले, हे इथे कबूल केलेले बरे.

यावर कोणी म्हणेल, आता जायरो आले आहेत. विमान स्वतःच तोल सावरते. खरे आहे. वाऱ्याच्या झुळकीने होणारी डगमग जायरो थोपवतो, आणि काही यंत्रणा तर विमानाला ठराविक कोनापलीकडे कलूच देत नाहीत. नवशिक्यासाठी ही मदत मोलाची आहे. पण जायरो तोल देतो, निर्णय देत नाही. वळण कधी घ्यावे, चार-पाच मिनिटांची बॅटरी संपण्याआधी उतरायला कुठून यावे, मैदानात गुराखी आला तर काय करावे, हे त्याला ठाऊक नसते.

गाळलेल्या पायरीची मोठी कहाणी आपल्या देशाने पाहिली आहे, आणि योगायोग असा की ती त्या करड्या विमानाच्या थोरल्या भावाचीच आहे. नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्याने घडवलेली मिग-२१ विमाने आपल्या हवाई दलाने दशकानुदशके वापरली. २६ सप्टेंबर २०२५ रोजी ती निवृत्त झाली. तरुण वैमानिक 'किरण'सारख्या तुलनेने संथ विमानावर शिकून थेट या अतिवेगवान, उतरताना फारशी चूक न सोसणाऱ्या विमानावर येत. मधली पायरी हवी, प्रगत प्रशिक्षण जेट हवे, अशी शिफारस ला फाँटेन समितीने १९८२ मध्येच केली होती. हॉक विमानांचा करार झाला २००४ मध्ये, आणि ती दलात दाखल झाली २००८ मध्ये. अपघातांची कारणे अनेक होती. यंत्रातले बिघाड होते, पक्ष्यांच्या धडका होत्या. पण मधली पायरी नव्हती हेही त्यांतले एक, आणि तिला पंचवीसहून अधिक वर्षे लागली. प्राण पणाला लावणाऱ्या वैमानिकांची आणि फोमच्या खेळण्याची तुलना कोणाला अप्रशस्त वाटेल. तुलना शौर्याची नाही, शिकण्याच्या क्रमाची आहे. आणि तो क्रम लहान-मोठे पाहत नाही.

शिवाय खेळणे म्हणून सोडून द्यावे इतके ते निरुपद्रवीही नाही. अर्ध्या किलोचे विमान ताशी नव्वद किलोमीटर वेगाने जात असेल, तर त्याची गतिज ऊर्जा ताशी १४० किलोमीटरने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूपेक्षा जास्त भरते. फोम चेपतो, काही आघात स्वतः सोसतो, हे मान्य. तरीही तो चेंडू बिनाहेल्मेटच्या गर्दीत कोणी टाकील काय? पडलेल्या विमानातली चेपलेली वा फुगलेली लिथियम बॅटरी पुन्हा चार्ज केली तर पेट घेऊ शकते, हेही फार थोड्या घरांत माहीत असते. २०२१च्या ड्रोन नियमांनी छंदासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवायच्या मॉडेल विमानांना प्रकार-प्रमाणपत्रातून सूट दिली, हे योग्यच झाले. मात्र नकाशावरचा टापू हिरवा आहे की पिवळा-लाल, हे पाहण्याची जबाबदारी उडवणाऱ्यावरच आहे. समोरच्या मैदानात कोण खेळते आहे, हे तर नकाशाही सांगत नाही.

मग करावे काय? छंदावर बंदी घालण्याची भाषा कोणी करू नये. करायचे ते इतकेच, की पायरी परत बसवायची. आधी संगणकावरच्या सिम्युलेटरवर शंभर विमाने पाडावीत. तिथे पडण्याची किंमत शून्य असते. मग उंच पंखाचे, संथ, प्रॉपेलरचे शिकाऊ विमान घ्यावे, आणि ते अनुभवी माणसाच्या शेजारी उभे राहून, दोन चुका पोटात घालता येतील इतक्या उंचीवर उडवावे. जेट त्यानंतर. विक्रेत्यांनीही हे गिऱ्हाइकाला आधी सांगावे. एक विक्री लांबेल, पण गिऱ्हाईक टिकेल. आणि मोकळ्या जागा झपाट्याने संपत असलेल्या आपल्या शहरांनी अशा छंदांसाठी वस्तीपासून दूर एखादे मैदान, निदान आठवड्यातून एक सकाळ, राखून ठेवावी. मैदान असले की अनुभवी माणसे जमतात, आणि ती जमली की शिक्षण आपोआप होते.

त्या सकाळी वडिलांनी मुलाच्या प्रश्नाला उत्तर दिले नाही. ते तुकडे गोळा करत राहिले. पण उत्तर अवघड नव्हते: विमान तयार होते, बाळा, आपण अजून व्हायचे आहोत. एवढे म्हणायला त्यांना जमले असते, तर त्या खोक्याची किंमत तिथेच वसूल झाली असती.