जोशुआ पळाला नव्हता



मागच्या आठवड्याच्या व्हिडिओत मी जेमतेम दोन मिनिटं अँथनी जोशुआ आणि अँडी रुईझच्या रीमॅचवर बोललो. विषय उधारीचा होता, बॉक्सिंग फक्त उदाहरणापुरतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर वर करायला आणि पोलीस भरतीची तयारी करणारी आमच्या हेमलकशाची पोरं धावून परत यायला एकच वेळ झाली. पठ्ठ्यांनी रात्रीतून ती मॅच मोबाईलवर शोधून पाहिली होती. बिस्किटाचा पुडा फोडता फोडता निकालही देऊन टाकला : "भाऊ, हे काय बॉक्सिंग हाय का? हा तं पूर्ण टाइम पळूनच राह्यला."

त्यातला एक जण मात्र म्हणाला, "पण जिंकला ना?" मग अर्धा तास दुकानासमोर जे भांडण रंगलं, ते 2019 पासून जगभर चालू आहे. हेवीवेट म्हणजे ठोकणारा. त्याने बारा राउंड हात लांब ठेवून, पाय हलवत गुणांवर जिंकावं, हे शोभतं का? पोरांना मी तेव्हा अर्धवट उत्तर दिलं, कारण गिऱ्हाईक उभं होतं. पूर्ण उत्तर इथे देतोय. तुम्ही दुकानदार असाल तर हा वाद तुमचाही आहे.

आधी काय घडलं ते बघू. 1 जून 2019, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. जोशुआच्या तोवर 22 लढती, 22 विजय, त्यातले 21 नॉकआउट. समोर रुईझ, ठेंगणा, पोट सुटलेला. मुळात तो ठरलेला प्रतिस्पर्धी नव्हताच. ठरलेला माणूस उत्तेजक चाचणीत सापडला म्हणून ऐनवेळी याला बोलावलं. तिसऱ्या राउंडमध्ये जोशुआने त्याला खाली पाडलं. आता इथे थांबा आणि नीट बघा, कारण सगळी गोष्ट या पुढच्या दहा-पंधरा सेकंदांत आहे. रुईझ उठला. जोशुआला वाटलं, झालं काम, आता संपवून टाकू. तो संपवायला आत घुसला, हात मोकळे सोडले, आणि रुईझचा डावा हुक कानशिलावर बसला. त्याच राउंडमध्ये जोशुआ दोनदा खाली, सातव्यात आणखी दोनदा, आणि रेफ्रीने लढत थांबवली. पट्टे गेले.

म्हणजे जोशुआ हरला तो मागे असताना नाही, पुढे असताना. माल हातात आला आहे असं वाटल्यावर.

रीमॅच झाली 7 डिसेंबर 2019 ला, सौदी अरेबियातल्या दिरियाह इथे. जोशुआ साडेचार-पाच किलो कमी करून आला, साधारण 108 किलोवर. रुईझ पहिल्या वेळेपेक्षा सात किलो जास्त, जवळपास 129 वर. तयारी नीट केली नव्हती हे त्याने नंतर स्वतःच कबूल केलं. जोशुआच्या हातांचा पल्ला रुईझपेक्षा आठ इंच जास्त आहे. त्याने ठरवलं की ही आठ इंचं विकायची, बाकी काही विकायचं नाही. डावा हात सतत पुढे, जॅब, जॅब, बाजूला सरक, रुईझ जवळ आला की मिठी, सुटला की परत जॅब. दोन पंचांनी 118-110 दिले, तिसऱ्याने 119-109. बारापैकी दहा-अकरा राउंड जोशुआचे. आणि तरी बॉक्सिंगवेड्यांची निम्मी जनता नाराज. भित्रा झाला, आत घुसत नाही, सव्वासहा महिन्यांपूर्वीचा मार डोक्यात बसलाय, असं सगळं.

माझं मत सरळ आहे. त्या रात्री जोशुआने केलं ते शंभर टक्के बरोबर होतं. प्रेक्षकाला ठोसा बघायचा असतो, कारण ठोसा चुकला तर प्रेक्षकाचं काही जात नाही. तिकिटाचे पैसे दोन्हीकडे वसूल. जोशुआचं मात्र सगळंच जाणार होतं. लागोपाठ दुसरी हार म्हणजे तिसरी संधी कधी मिळेल याचा नेम नाही.

आपल्याकडेही हा वाद आहे, फक्त आपण त्याला कुस्ती म्हणतो. दिरियाहच्या बरोबर महिनाभराने, 7 जानेवारी 2020 ला, पुण्यात बालेवाडीला महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत झाली. हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके. दोघंही काका पवारांच्या एकाच तालमीतले, एकमेकांचे डाव पाठ असलेले. गुण किती झाले? 3-2. कोणी चितपट झालं नाही. एकमेकांना इतकं ओळखणारे पैलवान उगाच हात घालत नाहीत, कारण हात घातला की काय होतं हे दोघांनाही सरावातून माहीत असतं. जिंकल्यावर सदगीरने शेळकेला खांद्यावर घेतलं. आज लोकांना तो खांदा आठवतो, 3-2 नाही. आणि 2023 ला फुलगावात सिकंदर शेखने शिवराज राक्षेला काही सेकंदांत झोळी डावावर अस्मान दाखवलं, ती क्लिप मात्र आमच्या पोरांना पाठ आहे. साहजिक आहे. चितपट क्लिपमध्ये बसते, 3-2 बसत नाही.

आपल्या धंद्याच्या ट्रेनिंगचंही हेच झालंय, मी त्याच बाजारात आहे म्हणून सांगतो. "रिस्क घ्या, मोठा विचार करा, एका वर्षात डबल" हे सांगणारा व्हिडिओ पळतो. "या वर्षी काही वाढवू नका, फक्त वही नीट लिहा" हे सांगणारा माझा व्हिडिओ माझ्या घरच्यांनीसुद्धा पूर्ण पाहिला नाही.

आता माझा तिसरा राउंड सांगतो. बीबीए करून परत आलो, दुकान टाकलं. पहिला उन्हाळा असा गेला की काय सांगू. तेंदूपत्त्याचे पैसे लोकांच्या हातात आले होते, रोज गल्ला भरत होता. मला वाटलं, झालं, आता ठोकायचं. पावसाळ्याआधी चार लाखांचा माल भरला, त्यातला निम्मा होलसेलवाल्याच्या उधारीवर. इकडे येईल त्याला मीही उधारी दिली, वही भरली की धंदा वाढला असं समजून. मग जुलै आला. ज्यांना आमचा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी : पर्लकोटा नदी फुगली की हेमलकशाहून दोन-तीन किलोमीटरवरचं भामरागड तुटतं, आणि त्याच्या पलीकडच्या गावांचं माझं गिऱ्हाईकही तुटतं. मागे आलापल्लीकडच्या साठेक किलोमीटरच्या रस्त्यावर नाले चढले की तिकडूनही काही हलत नाही. माल गोदामात, गिऱ्हाईक पाण्यापलीकडे, वसुली पुढच्या हंगामात. कणकेला जाळी धरली, बिस्किटं नरम पडली, साबणाची खोकी ओल धरून फाटली. दिवाळीला हिशेब केला तेव्हा दुकानात फटाके लावायलाही पैसे नव्हते.

दुसऱ्या वर्षी मी दिरियाहवाला जोशुआ झालो. माल रोखीने आणायचा, येईल तेवढाच. मीठ, तेल, चहा-साखर, सुकट, साबण, टॉर्चचे सेल, जे आठवड्यात फिरतं तेच. एका घराला उधारी 1500 रुपये, त्याच्या वर सख्ख्या मामालाही नाही. मामा खरंच रागावले, चार महिने बोलले नाहीत. लोक म्हणायचे, दुकान खाली दिसतं, बसला वाटतं. पोरांच्या भाषेत, पळून राह्यला. वर्षाअखेरीला होलसेलवाल्याचे सगळे पैसे फिटले आणि थोडी शिल्लक राहिली. थोडीच, पण माझी.

इथपर्यंत तुम्ही माझ्या बाजूने असाल. पण गोष्ट इथे संपत नाही, आणि मागच्या व्हिडिओत मी इथेच संपवली ही माझी चूक झाली.

25 सप्टेंबर 2021. लंडनमध्ये जोशुआसमोर युक्रेनचा ओलेक्सांद्र उसिक. हा खालच्या वजनगटातून वर आलेला, जोशुआपेक्षा आठ-नऊ किलोने हलका, उंचीलाही कमी, पण पायांचा आणि डोक्याचा उस्ताद. जोशुआने त्याच्याशीही तेच केलं. लांबून, सांभाळून, गुणांचा खेळ. पण रुईझसमोर लांब राहणं हा जोशुआचा फायदा होता, उसिकसमोर लांब राहणं हा उसिकचाच फायदा होता. जाडजूड माणसाने चपळ माणसाला चपळाईत हरवायला निघायचं म्हणजे काय. तिन्ही पंचांनी उसिकला दिलं. ज्यांनी दिरियाहला टीका केली ते तेव्हा चुकले होते. हीच टीका त्यांनी या लढतीवर केली तेव्हा बरोबर होते. पद्धत एकच, समोरचा बदलला.

आपले सुनील गावसकर घ्या. 1975 चा पहिला वर्ल्ड कप, लॉर्ड्स, 7 जून. इंग्लंड 60 षटकांत 334. गावसकर पूर्ण 60 षटकं खेळले, 174 चेंडूंत नाबाद 36. भारत 202 धावांनी हरला. कसोटीत ज्या सावधपणाने हा माणूस जगातला सर्वांत अवघड गोलंदाज परतवून लावायचा, तोच सावधपणा त्या दिवशी निरुपयोगी होता. विकेट वाचवून काय करणार होतो आपण?

माझंही तेच झालं. दुसऱ्या वर्षी जे नियम मला वाचवायला केले होते, ते तिसऱ्या-चौथ्या वर्षी मला आवडायलाच लागले. तेंदूच्या पैशावर लोक चादरी, भांडी, पत्रे, सायकली घेतात हे मला माहीत होतं. गल्ल्यात पैसेही होते, कर्ज शून्य. तरी मी मीठ-तेलच विकत बसलो, म्हणायचो, शिस्त आहे आपली. दोन हंगाम बाहेरगावचा एक जण पंधरा दिवस ताडपत्री टाकून बसला आणि माझ्या डोळ्यांसमोर, माझ्याच गिऱ्हाइकाला भांडी विकून गेला. तो काही धाडसी नव्हता. त्याला फक्त हंगाम कळत होता. मी मात्र लांबून जॅब मारत होतो, आणि समोर कोणी उभंच नव्हतं.

मग सावधपणा कुठला बरोबर आणि कुठला नाही, हे ओळखायचं कसं? मला कुस्तीतला एक नियम फार आवडतो. मॅटवर पैलवान नुसता टाळाटाळ करत असेल तर रेफ्री आधी समज देतो, मग 30 सेकंदांची मुदत. तेवढ्यात गुण घेतला नाही तर समोरच्याला 1 गुण. म्हणजे सांभाळून खेळायला बंदी नाही, काही न करण्याला दंड आहे. दिरियाहला जोशुआ सांभाळून होता, पण रिकामा नव्हता, त्याचा डावा हात बाराही राउंड कामावर होता. माझ्या दुसऱ्या वर्षातही रोज काम होतं : रोज वही, रोज एका तरी जुन्या उधारीवाल्याच्या घरी चक्कर, दर आठवड्याला मालाची मोजणी. चौथ्या वर्षी यातलं निम्मं बंद पडलं होतं, फक्त "नाही" म्हणायची सवय तेवढी उरली होती. रेफ्री असता तर मला दंड झाला असता. दुकानात रेफ्री नसतो, तेवढा एक घोळ आहे.

आणि पोरांनो, "आत घुसून संपवायचं होतं" हे जे तुम्ही म्हणता ना, त्याचाही पुढचा भाग आहे. 21 सप्टेंबर 2024, वेम्बली, समोर डॅनियल डुबॉय. सुरुवातीपासून जोशुआ मार खात होता. पाचव्या राउंडमध्ये त्याचा उजवा हात बसला, डुबॉय हलला. स्टेडियम उठून उभं राहिलं. जोशुआ संपवायला आत घुसला, हात मोकळे सोडले, आणि डुबॉयचा उजवा ठोसा आला. लढत तिथेच संपली. न्यूयॉर्कमधला तिसरा राउंड, पाच वर्षांनी परत. म्हणजे ज्या माणसाला तुम्ही दिरियाहमध्ये भित्रा म्हणत होता, त्याला स्वतःचा खोडा नेमका माहीत होता आणि त्या एका रात्री त्याने तो बारा राउंड दाबून धरला होता. मला ते नॉकआउटपेक्षा अवघड वाटतं. गल्ला भरलेला असताना होलसेलवाल्याला फोन न करणं किती अवघड असतं हे मी मेच्या शेवटच्या आठवड्यात दरवर्षी अनुभवतो.

यंदा मी भांडी आणि चादरी ठेवणार आहे. रोखीने, आणि शिल्लक पैशाच्या तिसऱ्या हिश्शापर्यंतच. 15 जूनच्या आत जे विकलं जाणार नाही ते परत घ्यायच्या बोलीवर. दोन होलसेलवाल्यांनी नाही म्हटलं, तिसरा तयार झालाय. उधारीची 1500 ची मर्यादा तशीच राहील, मामा वाचत असतील तर त्यांनीही नोंद घ्यावी.

त्या पोरांपैकी जो "पण जिंकला ना?" म्हणाला होता, त्याला मी हंगामाचे पंधरा दिवस भांड्यांच्या बाजूला बसवतोय. किती माल गेला, किती परत गेला, जूनच्या शेवटच्या व्हिडिओत वहीची पानं उघडून दाखवेन. बुडालो असेन तरी.