पडद्यावरचे कूट

काही दिवसांपूर्वी एका जुन्या कार्यकर्त्याच्या घरी भोजनाचा योग आला. जेवणानंतर गप्पा रंगल्या आणि विषय ओघानेच चित्रपटांकडे वळला. फाळणीसारखी एवढी भीषण घटना या देशात घडली, पण तिच्यावर आपल्याकडे मनाला हलवून सोडणारा चित्रपट काही निघाला नाही, अशी खंत यजमानांनी व्यक्त केली. मी ऋत्विक घटकांचे नाव घेतले. ते चटकन म्हणाले, "ते कम्युनिस्ट ना? आणि त्यांचे चित्रपट कळतात तरी कोणाला?" कोपऱ्यात बसलेल्या त्यांच्या महाविद्यालयीन कन्येने शांतपणे विचारले, "बाबा, तुम्ही त्यांचा एखादा पाहिला आहे का?" यजमान दिलखुलास हसले, आम्हीही हसलो आणि विषय तेथेच संपला. परंतु तो प्रश्न माझ्या मनातून काही गेला नाही. कारण तो एका गृहस्थाला विचारलेला असला, तरी त्याचे उत्तर आपणा सर्वांकडून अपेक्षित आहे.

ढाक्यात १९२५ साली जन्मलेले घटक हे फाळणीने मातृभूमीपासून तोडलेले बंगाली. 'मेघे ढाका तारा' (१९६०), 'कोमल गांधार' (१९६१) आणि 'सुवर्णरेखा' (१९६५) या तीन चित्रपटांत त्यांनी आपले ते दुःख ओतले. 'मेघे ढाका तारा'मध्ये निर्वासितांच्या वस्तीत राहणारी नीता सगळे कुटुंब आपल्या कमाईवर पोसते आणि त्या ओझ्याखाली क्षयाने झिजून जाते. तिचा विश्वासघात होतो त्या क्षणी पडद्यावर कोणी चाबूक उगारलेला नाही, तरीही चाबकाचे फटकारे ऐकू येतात. उमेच्या पाठवणीची लोकगीते तिच्या आयुष्याशी अशी काही गुंफली आहेत, की पाहणाऱ्याला नीतेत घरातली मुलगीही दिसते आणि विसर्जित होणारी देवीही. 'कोमल गांधार'मध्ये पद्मेच्या काठी रुळांचा मार्ग जिथे सीमेमुळे संपतो, तिथे कॅमेरा रुळांवरून वेगाने धावत जातो आणि अचानक सारा पडदा काळा होतो. फाळणीवरची शंभर भाषणे जे सांगू शकणार नाहीत, ते त्या काळ्या पडद्याने सांगितले आहे. 'सुवर्णरेखा'मध्ये युद्धकाळातल्या ओसाड धावपट्टीवर खेळणाऱ्या लहानग्या सीतेसमोर कालीचे सोंग घेतलेला बहुरूपी अकस्मात उभा ठाकतो. या दृश्याचा 'अर्थ' कोणी विचारला तर एका वाक्यात सांगता येणार नाही. पण ते पाहिलेला माणूस ते विसरूही शकणार नाही.

आता राहिला त्यांच्या कम्युनिस्ट असण्याचा मुद्दा. घटक डाव्या चळवळीत होते, हे कोणी नाकारत नाही. मात्र त्याच पक्षाने १९५५ साली त्यांना बाहेर काढले, ही गोष्टही तितकीच खरी आहे. पक्षाच्या चौकटीत हा माणूस मावला नाही. देवी, माता, पुराणकथा, लोकस्मृती यांच्यावाचून त्याला बोलताच येत नव्हते. ज्यांनी त्यांना आपले म्हणायचे त्यांनी दूर लोटले आणि ज्यांच्या काळजातले दुःख त्यांनी मांडले, त्या आपण त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. फाळणीच्या वेदनेवर आपण पिढ्यान् पिढ्या बोलत आलो. मग ती वेदना ज्याने सर्वाधिक उत्कटतेने चित्रित केली, त्याचे चित्रपट आपल्या किती घरांत पाहिले गेले? कलाकाराचे ओळखपत्र आधी तपासायचे आणि कलाकृती नंतर, किंवा कधीच नाही, ही सवय आपण विरोधकांना नेहमी दूषण देण्यासाठी सांगतो. ती आपल्याही अंगी मुरलेली नाही ना, हे एकदा तपासून पाहायला हवे.

दुसरा आक्षेप दुर्बोधतेचा. तो अधिक गंभीर आहे, कारण तो प्रामाणिक आहे. महाविद्यालयात असताना एका फिल्म सोसायटीच्या खेळाला मणी कौल यांचा 'उसकी रोटी' (१९६९) पाहिल्याचे आठवते. बसचालक नवऱ्याची भाकरी घेऊन रस्त्याच्या कडेला उभी असलेली एक स्त्री आणि तिचे वाट पाहणे, एवढीच कथा. अर्ध्या तासात निम्मे सभागृह रिकामे झाले. मीही केवळ भिडेखातर बसून राहिलो आणि बाहेर पडताना दिग्दर्शकाला मनातल्या मनात चार शब्द सुनावले. परंतु पुढे कित्येक दिवस ती स्त्री माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा लक्षात आले, की दिग्दर्शक प्रतीक्षेची गोष्ट सांगत नव्हता, तर तो मला प्रतीक्षा करायला लावत होता. पहिल्या खेपेला मी हरलो होतो तो चित्रपटासमोर नव्हे, माझ्या घाईसमोर.

मणी कौल हे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये घटकांचे विद्यार्थी होते. ज्या भूमीवर 'प्रभात'चा 'संत तुकाराम' (१९३६) साकार झाला, त्याच भूमीवर १९६० साली ही संस्था उभी राहिली आणि तिथेच घटकांनी शिकवले. कौल पुढे उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांच्याकडे ध्रुपद शिकले. १९८२ साली त्यांनी 'ध्रुपद' हा चित्रपट केला आणि १९८९ साली काशीच्या सिद्धेश्वरी देवींवर 'सिद्धेश्वरी'. ध्रुपदाचा आलाप ज्याने कधी शांत चित्ताने ऐकला आहे, त्याला कौल यांच्या चित्रपटाची चाल चटकन उमगेल. स्वर हळूहळू उलगडतो, घाई नसते, कथेचा आग्रह नसतो. तीच गोष्ट 'दुविधा'ची (१९७३). विजयदान देथा यांच्या याच राजस्थानी कथेवर अमोल पालेकर यांनी २००५ साली 'पहेली' काढला. तो रंजक आहे, प्रेक्षकांना तो पाहायला आवडतो, आणि त्यात वावगे काही नाही. पण 'दुविधा' पाहताना आपण एखाद्या लघुचित्रासमोर बसलो आहोत आणि चित्रातली माणसे सावकाश श्वास घेऊ लागली आहेत, असे वाटते. एक चित्रपट कथा सांगतो, दुसरा त्या कथेच्या मातीत आपल्याला बसवतो.

मुळात दुर्बोधता ही आपल्या परंपरेला परकी आहे काय? ज्ञानदेवांचे कूट अभंग आपण शतकानुशतके गात आलो. त्यांचा अर्थ पहिल्याच श्रवणात कळला पाहिजे, असा हट्ट कोणी वारकऱ्याने धरल्याचे ऐकिवात नाही. नाथांच्या भारुडांत वरवरच्या गमतीखाली वेगळाच अर्थ वाहत असतो. योगवासिष्ठातला लवण राजा जादूगाराने दाखवलेल्या एका क्षणात एक संपूर्ण आयुष्य जगून येतो आणि मग खरे कोणते, या प्रश्नाने व्याकूळ होतो. बाळकृष्णाच्या मुखात यशोदेला विश्व दिसते. स्वप्न आणि जागृती यांच्या सीमारेषेवर उभे राहून सत्याचा शोध घेणे ही आपल्याकडची फार जुनी रीत. ज्या समाजाने हे सारे पचवले, त्याला पडद्यावरचे एक स्वप्नदृश्य झेपत नाही, हे म्हणणे त्या समाजाचा अपमान करणारे आहे.

युरोपातल्या अतिवास्तववादाची जातकुळी अर्थातच निराळी. पहिल्या महायुद्धाने तिथल्या श्रद्धा आणि विवेक दोन्ही मोडीत काढले, त्या राखेतून ती चळवळ उभी राहिली. आंद्रे ब्रेताँ यांचा जाहीरनामा १९२४ चा. लुई बुन्युएल आणि साल्वादोर दाली यांनी १९२९ साली काढलेल्या अवघ्या काही मिनिटांच्या लघुपटात वस्तऱ्याने डोळा चिरण्याचे दृश्य आहे. ते किळसवाणे आहे, आणि ते मुद्दाम तसे केले आहे. बुन्युएल यांच्या १९३० च्या पुढच्या चित्रपटाने धर्म आणि सभ्यता यांच्यावर थेट हल्ला चढवला. तेव्हा पॅरिसमधल्या उजव्या संघटनांच्या तरुणांनी चित्रपटगृहात पडद्यावर शाई फेकली, दालनात मांडलेली चित्रे फाडली आणि पोलिसांनी त्या चित्रपटावर बंदी घातली. फ्रान्समध्ये तो पुन्हा रीतसर प्रदर्शित झाला १९८१ साली. या पन्नास वर्षांत चित्रपट मेला नाही, उलट त्याची ख्याती जगभर पसरली. तोडफोड करणाऱ्यांपैकी मात्र एकाचेही नाव आज कोणाला आठवत नाही. जे आपल्याला पटत नाही, त्याला उत्तर द्यायचे तर ते पाहून, समजून आणि त्याहून सरस काही निर्माण करूनच द्यावे लागते, हा यातला बोध आपल्या तरुण कार्यकर्त्यांनी जरूर घ्यावा.

आणि हे दुर्बोध चित्रपट म्हणजे सगळे डाव्यांचेच, हा समज तर इतिहासाला धरून नाही. सोव्हिएत रशियात आंद्रेई तारकोव्हस्की यांनी मध्ययुगीन संतचित्रकाराच्या जीवनावर 'आंद्रेई रुब्लेव्ह' १९६६ साली पूर्ण केला. श्रद्धेला हद्दपार करणाऱ्या त्या राजवटीत तो आपल्याच देशात प्रदर्शित व्हायला १९७१ साल उजाडावे लागले. १९८४ साली तारकोव्हस्की यांनी मायदेशी न परतण्याचा निर्णय जाहीर केला आणि १९८६ साली पॅरिसमध्येच त्यांचे निधन झाले. आर्मेनियन वंशाचे सर्गेई पाराजानोव्ह यांनी 'डाळिंबांचा रंग' (१९६९) या चित्रपटात आपल्या लोकांच्या कवीचे जीवन संवादांऐवजी प्रतिमांतून उभे केले. चर्च, ग्रंथ, लोकर, डाळिंबाचा रस आणि विणलेले गालिचे यांतून एका प्राचीन संस्कृतीचा श्वास पडद्यावर उमटला. १९७३ साली त्यांना अटक झाली आणि चार वर्षे त्यांनी तुरुंगात काढली. त्यांच्या सुटकेसाठी ब्रेझनेव्ह यांच्याकडे शब्द टाकणाऱ्यांत लुई आरागाँ हे फ्रेंच कवी होते. ते स्वतः एकेकाळचे अतिवास्तववादी आणि पक्के कम्युनिस्ट! कलेच्या प्रांतात माणसे आपल्या पाट्यांपेक्षा मोठी निघतात, ती अशी. पण मुख्य मुद्दा हा, की ज्या राजवटीला सरळ, सोपा, प्रचारकी चित्रपट हवा होता, तिला मुळांकडे नेणाऱ्या या अवघड चित्रपटांची भीती वाटली. सोपेपणाचा आग्रह हा नेहमीच लोकांच्या हिताचा असतो असे नाही.

याचा अर्थ जे जे कळत नाही ते ते थोर, असा मात्र मुळीच नाही. परदेशी महोत्सवांवर डोळा ठेवून, आपल्या समाजाचे केवळ दैन्य आणि विकृती दाखवणारे, संथपणाला खोली समजणारे चित्रपट आपल्याकडे पुष्कळ निघाले आणि त्यांच्याविषयी कठोरपणे लिहिलेच पाहिजे. पण खरे आणि नकली यांतला भेद ओळखायला आधी पारख हवी आणि पारख यायला पाहणे हवे. सोने आणि पितळ दोन्ही दारातूनच परत पाठवणाऱ्याला सराफ कोण म्हणेल?

सामान्य माणसाला हे समजणार नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण पुरेसे आहे. कर्नाटकातल्या शिवमोग्गा जिल्ह्यातील हेग्गोडु हे एक लहानसे खेडे. के. व्ही. सुब्बण्णा यांच्या 'नीनासम' संस्थेने १९७० च्या दशकात पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या साहाय्याने तिथल्या ग्रामस्थांना जगातले श्रेष्ठ चित्रपट दाखवले. सुपारीच्या बागांत राबणारी ती माणसे. त्यांनी इटलीचा, जपानचा आणि बंगालचा चित्रपट मन लावून पाहिला आणि त्यावर चर्चा केली. जे हेग्गोडुच्या शेतकऱ्याला साधले, ते पुण्या-ठाण्यातल्या सुशिक्षित मध्यमवर्गाला साधणार नाही?

आपल्या तर रक्तातच हा प्रयोग आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांनी पडद्यावर ख्रिस्ताचे चरित्र पाहिले आणि राम-कृष्ण असे केव्हा दिसतील, या एका ध्यासाने सर्वस्व पणाला लावले. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) काढण्याआधी त्यांनी कुंडीतल्या अंकुराची वाढ एकेक चित्र टिपून पडद्यावर दाखवली होती. तो प्रयोगच होता, आणि तो करणारा माणूस स्वदेशीचा निष्ठावान पुरस्कर्ता होता. 'ओम दर-ब-दर' (१९८८) या भल्याभल्यांना चक्रावून सोडणाऱ्या चित्रपटाचे दिग्दर्शक कमल स्वरूप यांनी याच फाळक्यांचा वर्षानुवर्षे शोध घेतला आणि त्यांच्या काशीतल्या वास्तव्यावर 'रंगभूमी' हा माहितीपट केला. ज्याला आपण विक्षिप्त म्हणून बाजूला सारतो, तो दिग्दर्शक आपल्याच पूर्वजाचा माग काढत काशीला जातो, आणि आपण मात्र फाळक्यांच्या जयंतीला हार घालून मोकळे होतो.

म्हणून वाचकांना एक विनंती. महिन्यातून एक रविवार, चार-पाच कुटुंबांनी एकत्र यावे. आरंभ 'संत तुकाराम'ने करावा, कारण तो जवळचा आहे. मग 'मेघे ढाका तारा', मग 'दुविधा', त्यानंतर अमित दत्ता यांचा पहाडी चित्रकारावरचा 'नैनसुख' (२०१०) आणि पुढे जमेल तेव्हा 'आंद्रेई रुब्लेव्ह'. काही चित्रपट प्रौढांसाठीच आहेत, तेवढा विवेक ठेवावा. पाहताना 'याचा अर्थ काय' हे लगेच विचारू नये, काय दिसले आणि काय ऐकू आले एवढेच आधी एकमेकांना सांगावे. आवडला नाही तर तसे स्पष्ट म्हणावे. घरातल्या तरुणांना आधी बोलू द्यावे. ज्यांना या क्षेत्रात जायचे आहे, त्यांना "तिथे सगळी डावी मंडळी आहेत" असे सांगून परावृत्त करू नये. आपण दार लावून घ्यायचे आणि आत कोण बसले आहे याची तक्रार करत राहायचे, हे आता पुरे झाले.

त्या रात्री निघताना यजमान मला फाटकापर्यंत पोहोचवायला आले. म्हणाले, "ते घटकांच्या चित्रपटाचे नाव जरा लिहून द्या. मुलगी म्हणते, एकत्र पाहू." मी नाव लिहून दिले. त्यांना तो आवडेल की नाही, हे मी सांगू शकत नाही. पण पुढच्या वेळी मुलीने विचारलेल्या प्रश्नाला ते 'हो' म्हणतील, आणि त्यानंतर जो वाद होईल तो खरा वाद असेल.