साखळीतली अहिंसा

गेल्या वर्षी दशलक्षण पर्व संपल्यावर क्षमावणीसाठी निपाणीकडच्या एका नातेवाइकांच्या शेतघरी गेले होते. फाटकावर संगमरवरात 'जिओ और जीने दो' कोरलेलं. त्याच्याच खाली पत्र्याची पाटी, 'कुत्र्यापासून सावध'. आत मुधोळ जातीचं दीड वर्षाचं कुत्रं, अडीच हात साखळीला. पलीकडं पत्र्याच्या शेडमध्ये घोडा, शर्यतीसाठी आणलेला आणि हौस फिटल्यावर तसाच उरलेला. त्याचे खूर जुन्या चपलेसारखे पुढं वाढलेले. आम्हाला पाणी गाळून दिलं. घोड्याच्या बादलीत शेवाळ होतं.

मी बोलले. क्षमा मागायला जाऊन भांडले म्हणा ना.

"अक्का, मुकं जनावर हाय ते, बांधूनच ठेवायचं असतंय. आणि खायला काय कमी हाय का आमच्यात?"

हे उत्तर मी अनगोळात, शहापुरात, वडगावात शंभरदा ऐकलंय. म्हणूनच लिहायला बसले.

पर्वात आपण तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय ऐकतो. सातव्या दिवशी व्रतं येतात. अहिंसाणुव्रताला डाग लावणाऱ्या पाच गोष्टी उमास्वामींनी सांगितल्यात, आणि त्यातली पहिलीच आहे बांधून ठेवणं. मग मारणं, अवयव कापणं, झेपणार नाही इतकं ओझं लादणं आणि अन्नपाणी तोडणं. ही यादी ऐकताना मला नेहमी गोठाच डोळ्यांपुढं येतो. आपण मात्र अहिंसा कांदा-बटाट्यात शोधत बसलो. (जाता जाता सांगते, कांदा-लसूण कुत्र्यालाही विषारीच. द्राक्षं आणि बेदाणेसुद्धा.)

'खायला भरपूर घालतो' हीच तर फसवणूक आहे. घोडा म्हणजे म्हैस नव्हे. तो रवंथ करत नाही, त्याचं पोट लहान, आणि त्याला उलटी करताच येत नाही. त्याला दिवसभर थोडं थोडं गवत, कडबा चघळायला हवं. दोन वेळा पाटीभर टाकून मोकळं व्हायचं, नाहीतर शर्यतीच्या तोंडावर हरभरा आणि गुळाचा मारा करायचा, याने त्याला पोटशूळ होतो, खुरांच्या आत सूज येते. आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी धरलेली वैरण बैलानं खाल्ली म्हणून घोड्याला चालत नाही. पाणी त्याला रोज 25 ते 40 लिटर लागतं. खूर दर सहा-आठ आठवड्यांनी कापावेच लागतात. आमच्या लहानपणी बेळगावात टांगे होते, तेव्हा नालबंद हाकेवर असायचा. आता आधी नालबंद शोधा आणि मग घोडा घ्या. धनुर्वाताची लस विसरू नका, घोड्याला तो फार लवकर होतो.

मुधोळचं तर सांगायलाच नको. 2005 साली हे कुत्रं टपाल तिकिटावर आलं, 2020 साली पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये देशी कुत्र्यांविषयी बोलताना त्याचं नाव घेतलं, आणि ज्याच्या-त्याच्या फार्महाऊसवर ते दिसायला लागलं. शिकारीमागं रानोमाळ धावण्यासाठी घडलेलं अंग ते. त्याला साखळी घालायची, मग भुंकतंय, अंगावर येतंय म्हणायचं. राखणीला कुत्रं हवं असेल तर कुंपण करा, कुत्रं मोकळं फिरू दे. कुंपणाला पैसे नसतील तर कुत्रं आणू नका.

आवेशात लिहितेय, कारण माझंही हात बरबटलेले आहेत. आमच्या परड्यात मोती होता, साधं गावठी कुत्रं. तीन वर्षं मीच त्याला पेरूच्या झाडाला बांधून ठेवलं. सकाळ-संध्याकाळ दूध-भाकरी घालायची आणि पुण्य केल्यासारखं वाटून घ्यायचं. दही, डाळी, पनीर देऊन, डॉक्टरांना विचारून शाकाहारावरही कुत्रं नीट जगवता येतं, पण नुसत्या दूध-भाकरीवर नाही. त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या, तरी मला दिसल्या नाहीत. एक दिवस साखळी तुटली आणि तो दूधवाल्या पोराच्या पोटरीला चावला. लस? टोचलेलीच नव्हती. पंधरा मिनिटं साबण लावून वाहत्या पाण्याखाली जखम धुवायची असते, तेवढंही मला ठाऊक नव्हतं. मी हळद दाबली. डॉक्टर आम्हाला रागावले, पोराला इंजेक्शनं सुरू केली आणि कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायला सांगितलं. ते दहा दिवस पोराची आई रोज फाटकाशी येऊन मोती जिवंत आहे का, एवढंच बघून जायची. माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. मोती जगला, पोरगंही ठीक आहे. सगळी गल्ली 'पिसाळलं होतं' म्हणत राहिली. पिसाळलं नव्हतं, तीन वर्षं बांधलेलं होतं.

कायदा काय करतो? 1960 च्या प्राणी क्रूरता कायद्यात फार आखूड किंवा जड साखळीनं जनावराला अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हाच आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. एवढ्यात बेळगावात पावशेर कुंदाही येत नाही. तेव्हा पोलिसांची वाट बघण्यात अर्थ नाही, बोलायचं आपणच, आणि तेही आपल्याच माणसांना.

त्या शेतघरी मला पुन्हा बोलावणं आलेलं नाही. कोल्हापूरकडच्या एका नालबंदाचा नंबर मी त्यांच्या सुनेला पाठवला. दोन निळ्या खुणा दिसल्या, उत्तर नाही. महिन्याभरानं तिचा एकच प्रश्न आला, "मावशी, कुंपणाची जाळी किती उंच लागते?"

पाच-सहा फूट, म्हणून कळवलंय.