रोमशी आपला काय संबंध?

पुरातन रोमन नगरे आणि स्मृती या विषयावर एखादा मराठी तरुण पीएच.डी. करू म्हणाला, की सुरतेच्या आपल्या घरांतून हमखास प्रश्न येतो : रोमशी आपला काय संबंध? या प्रश्नाला व्यवहारी शहाणपण समजले जाते. आम्हांस तो निव्वळ बौद्धिक आळस वाटतो.

संबंध जुनाच आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात शेजारचे भडोच ‘बारुगाझा’ नावाने येते. रोमन जगाचे मद्य आणि नाणी तेथे उतरत. पण खरा धडा पुढेच आहे. रोमच्या फोरममध्ये सम्राट सेव्हेरसची इ.स. 203 मधील कमान उभी आहे. 211 मध्ये त्याच्या थोरल्या मुलाने, कॅराकॅलाने, धाकट्या गेटाचा वध करविला आणि कमानीवरून त्याचे नाव पुसविले. जुनी धातूची अक्षरे बसविण्यासाठी पाडलेली भोके मात्र दगडात राहिली. त्यांवरूनच अभ्यासकांनी पुसलेली ओळ वाचली.

आपण तरी वेगळे काय करतो? सुरत म्हणजे 1664 आणि 1670, एवढ्यावरच आपला इतिहास संपतो. महाराजांच्या त्या स्वाऱ्यांचा अभिमान आम्हांसही आहे. परंतु त्याच घटनेची शेजारच्या गुजराती घरातील आठवण ‘लूट’ अशी आहे. पिढ्यान्‌पिढ्या येथे राहून ती आपण कधी शांतपणे ऐकून घेतली? मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांनी 1844 मध्ये दुर्गाराम मेहताजींसह मानवधर्म सभा स्थापिली ती याच गावी. 1907 चे काँग्रेस अधिवेशन उधळले, मंडपात दख्खनी जोडा भिरकावला गेला, तेही येथेच. आपल्या किती मुलांना हे ठाऊक आहे? ही नावे कोणा कॅराकॅलाने पुसलेली नाहीत, आपल्याच उदासीनतेने पुसली आहेत.

अशा संशोधनाने पोट भरत नाही, असे कोणी म्हणेल. मान्य. पण हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या या नगरात ज्यांची पोटे केव्हाच भरली, त्यांच्याच माळ्यांवरील मोडी कागद रद्दीत जातात, हे कसे?

तेव्हा त्या तरुणास परावृत्त करू नये. उलट त्याच्यापुढे आपली दप्तरे उघडावीत. येत्या गणेशोत्सवात एक सायंकाळ करमणुकीऐवजी घरोघरची जुनी पत्रे व वह्या मांडण्यास द्यावी, आणि त्यांची यादी करून ठेवावी. मोडी वाचणारे वडीलधारे हयात आहेत, तोवरच हे काम होईल.