गाडी घेण्याआधी परमिटाचा विचार

ऊस गेला, कारखान्याचे बिल जमा झाले, की सोलापूर जिल्ह्यात दोन गोष्टींची चौकशी सुरू होते : बोअर कुठे मारायचा आणि गाडी कुठली घ्यायची. शेतीच्या भरवशावर दोन भावांचे भागत नाही. एकाने रान बघायचे, दुसऱ्याने गाडी फिरवायची, अशी वाटणी आता गावोगाव दिसते. धंद्याला गिऱ्हाईकही आहे. पंढरपूर, अक्कलकोट जिल्ह्यातच, तुळजापूर शेजारच्या जिल्ह्यात, गाणगापूर हद्दीपलीकडे. शिवाय लग्नसराई, दवाखाना, शाळा. पण गाडीचा रंग, हप्ता आणि सीटकव्हर ठरले तरी परमिट कुठले घ्यायचे हे ठरलेले नसते. ते शेवटी एजंट ठरवतो, किंवा कोणीच ठरवत नाही आणि गाडी पांढऱ्या पाटीवर खाजगी म्हणून पास होते. पुढची सगळी दुखणी तिथून सुरू होतात.

आधी एक घोळ मिटवू. आपल्याकडे लायसन आणि परमिट हे शब्द एकाच अर्थाने वापरतात. लायसन माणसाचे, परमिट गाडीचे. लायसनच्या बाबतीत ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने मोठा दिलासा दिला. साडेसात हजार किलोच्या आतले प्रवासी वा मालवाहू वाहन चालवायला हलक्या वाहनाचे लायसन पुरते, त्यावर वेगळी नोंद लागत नाही, असा तो निकाल आहे. गावात मात्र त्याचा अर्थ "आता परमिट लागत नाही" असा पसरला. तसे अजिबात नाही. तो निकाल चालकापुरता आहे. भाड्याने माणसे नेणाऱ्या गाडीला मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ६६ प्रमाणे परमिट लागत होते, आजही लागते.

आता परमिट कुठले, हा खरा प्रश्न. कायद्याने प्रवासी वाहतुकीचे मुख्य दोन प्रकार केले आहेत. एक टप्पा वाहतूक, म्हणजे एस. टी. करते ती. वाटेत माणूस चढतो, उतरतो, आणि जो तो आपापले तिकीट काढतो. दुसरी कंत्राटी वाहतूक. इथे सबंध गाडी एका गिऱ्हाईकाने ठरवलेली असते, भाडे एकरकमी ठरलेले असते आणि करारात नसलेला माणूस वाटेत घ्यायचा नसतो. लग्नाचे वऱ्हाड, देवदर्शन, अभ्यास दौरा हे सगळे कंत्राटीत बसते. एस. टी. सुद्धा लग्नाला गाडी देते ती 'प्रासंगिक करारा'वर देते, त्याची जात हीच.

यात आसनांची मेख आहे, ती गाडी बुक करण्याआधी समजून घ्यावी. चालक सोडून ६ प्रवाशांपर्यंतची गाडी मोटार कॅब. ६ च्या वर आणि १२ पर्यंत मॅक्सी कॅब. या दोन्ही गाड्यांना कायदा कंत्राटी वाहनातच धरतो, प्रवाशांकडून वेगवेगळे भाडे घेतले तरी. काळी-पिवळीला जो थोडा श्वास मिळाला तो या व्याख्येमुळे. १३ वा प्रवासी बसला की ही सवलत संपली. सतरा सीटची ट्रॅव्हलर घेऊन "आम्ही पण वडापच करतो" म्हणणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. त्याच्या परमिटावर सबंध गाडी एकाच पार्टीला देता येते, स्टँडसमोर उभे राहून "चला मोहोळ, मोहोळ" करता येत नाही. मोठी गाडी म्हणजे मोठी कमाई हा हिशेब इथे चुकतो. ज्याचा धंदा रोजच्या सुट्या प्रवाशांचा आहे त्याला १२ च्या आतलीच गाडी सोयीची. परमिटावर लिहिलेले क्षेत्र आणि आसनसंख्या मात्र पाळलीच पाहिजे. बारा सीटवर वीस माणसे आणि टपावर चार, याला कुठलेच परमिट नाही.

वडापवाल्यांची बाजू खोटी आहे असे नाही. मुक्कामाची गाडी बंद झालेली अनेक गावे आहेत, तिथे जीप नसेल तर पोरगी कॉलेजला जाऊ शकत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये एस. टी. चा संप चालू असताना सरकारनेच अधिसूचना काढून खाजगी बसगाड्या, शाळेच्या व कंपन्यांच्या बसगाड्या, इतकेच काय मालवाहू गाड्यांनाही प्रवासी नेण्याची मुभा दिली होती. तेव्हा हीच वाहने सरकारला चालली. पण ती मुभा संपापुरती होती. त्या काळात लागलेली सवय अनेकांनी पुढे चालूच ठेवली, आणि पकडल्यावर "तेव्हा कसं चाललं?" असे विचारतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरमिट वाहतुकीला कलम १९२-अ खाली दहा हजार रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, आणि कलम २०७ खाली गाडी अडकवून ठेवता येते. लग्नाच्या दिवशी वऱ्हाडासकट गाडी अडकली की पार्टी पुन्हा त्या मालकाच्या दारात येत नाही.

तरीही दंड ही लहान गोष्ट. मोठी गोष्ट अपघाताची आहे. खाजगी गाडीच्या विम्यात भाड्याने वापर करायचा नाही अशी अट असते. पॉलिसी इंग्रजीत असते म्हणून ती कोणी वाचत नाही. गाडीचे नुकसान झाले आणि ती भाड्यावर होती असे निघाले, तर कंपनी हात वर करते. माणूस दगावला तर गोष्ट आणखी पुढे जाते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१८ मध्ये अमृतपाल सिंग प्रकरणात स्पष्ट केले की विनापरमिट वाहन रस्त्यावर चालवणे हा विम्याच्या शर्तीचा मूलभूत भंग आहे. अशा वेळी कंपनीने पीडिताला भरपाई द्यायची आणि ती पुढे मालकाकडून वसूल करायची, हा आदेश कायम ठेवला. मालकाकडून म्हणजे कुठून? ज्याच्या नावावर गाडी, त्याच्याच नावावर सातबारा. भरपाईचे आकडे लाखांत असतात. पांढऱ्या पाटीने वाचवलेला कर आणि विम्याचा फरक त्यापुढे चहापाण्याइतका आहे. पिकअप आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीतून वऱ्हाड नेणाऱ्यांनी तर हे दोनदा वाचावे, कारण मालाच्या गाडीत बसवलेल्या पाहुण्यांची जबाबदारी विमा कंपनी मुळात घेतच नाही.

आपला जिल्हा कर्नाटकाला लागून असल्याने आणखी एक प्रश्न पडतो. राज्यापुरते परमिट असेल तर गाणगापूर, विजयपूर किंवा तिरुपतीची पार्टी घ्यायची की नाही? घेता येते. कलम ८८ (८) प्रमाणे त्या एका खेपेपुरते विशेष परमिट काढायचे आणि परराज्याचा कर भरायचा. वर्षात अशा चार-सहा खेपा असतील तर एवढेच बरे. महिन्याला तीन-चार खेपा होत असतील तरच अखिल भारतीय पर्यटक परमिटाचा विचार करावा. एप्रिल २०२३ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे ते ऑनलाइन मिळते, फी आसनसंख्येवर आणि गाडी वातानुकूलित आहे की नाही यावर ठरते, आणि राज्याराज्यांच्या नाक्यावरचा कराचा त्रास वाचतो. मोठ्या बसची फी लाखांत जाते, म्हणून नुसत्या हौसेने ते घेऊ नये. प्रवाशांची यादी, कोण कुठून कुठे चालला यासह, गाडीत ठेवावी लागते. हे परमिट म्हणजे टप्पा वाहतुकीची सनद, असा समज काही बसमालकांचा झाला आहे. केरळात नोव्हेंबर २०२३ मध्ये याच समजावर पथनमथिट्टा ते कोइमतूर धावणारी एक बस तिथल्या परिवहन खात्याने जप्त केली होती.

शाळेची मुले नेणाऱ्यांसाठी राज्याचे २०११ चे स्कूल बस नियम वेगळे आहेत, ते पाहूनच शाळेशी करार करावा. ग्रामपंचायतींनाही इथे सांगायचे आहे. हिवरे बाजार, राळेगणसिद्धीच्या अभ्यास दौऱ्याला गाडी ठरवताना सरपंचांच्या पुतण्याची पांढऱ्या पाटीची गाडी सोयीची वाटते. पण व्हाउचरला परमिट, फिटनेस आणि प्रवासी वाहनाच्या विम्याची झेरॉक्स जोडली नाही, तर लेखापरीक्षणात आक्षेप निघू शकतो, आणि वाटेत काही झाले तर गाडी ठरवणाऱ्यालाही लोक विचारणार.

खाजगी पासिंगची गाडी आधीच घेऊन बसलेल्यांनी रूपांतराचा अर्ज करावा. कर्ज असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र लागते, कराचा हिशेब नव्याने होतो, विमा बदलावा लागतो. नव्या प्रवासी वाहनाला फिटनेस पहिली दोन वर्षे असते, पुढे आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावे लागते. १ जानेवारी २०१९ पासून नोंदलेल्या प्रवासी गाड्यांना जागा दाखवणारे यंत्र आणि धोक्याचे बटणही लागते. हा सगळा खर्च हप्त्यात धरूनच बँकेत जावे.

परमिट साधारण पाच वर्षांचे असते आणि ते ज्याच्या नावाने आहे त्याचेच राहते. "परमिट मामाचं, गाडी भाच्याची" हा तोंडी व्यवहार कायद्याला मान्य नाही, परिवहन प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय ते दुसऱ्याच्या नावे होत नाही. मालक वारला तर वारसाने तीस दिवसांच्या आत कार्यालयाला कळवावे. कळवले तर त्याच परमिटावर तीन महिने गाडी चालवता येते आणि तेवढ्यात नावावर करून घेण्याचा अर्ज करता येतो. बाराव्या-तेराव्याच्या गडबडीत ही मुदत निघून जाते, म्हणून तो कागद सातबाऱ्याच्या फेरफाराबरोबरच काढून ठेवावा.